आप्पांच्या ट्रंकेतली नोटीस

काका, नमस्कार.
मी पुण्यात आयटी कंपनीत आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, पावणेपाच एकर जमीन. सातबाऱ्यावर आप्पा (माझे वडील), मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची नावं आहेत, आजोबा गेल्यापासून. मागच्या महिन्यात फार्मर आयडीसाठी कागद शोधताना आप्पांच्या ट्रंकेत माझ्या नावाची तहसील कार्यालयाची नोटीस सापडली. तारीख जानेवारी २०२१. मी आयकर भरतो म्हणून पीएम किसानचे सहा हप्ते, १२,००० रुपये, परत करावेत, नाहीतर महसुली थकबाकी म्हणून वसुली होईल आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल, असा मजकूर आहे. मला हे हप्ते मिळत होते हेच माहीत नव्हतं. २०१९ मध्ये गावात आधार आणि पासबुकं गोळा केली तेव्हा आप्पांनी माझं कॉलेजच्या वेळचं बँक खातं दिलं होतं. एटीएम कार्ड घरीच असायचं. आप्पा म्हणतात, "लॉकडाउनात कलिंगड रानात सडलं तेव्हा सरकारनं मदत दिली. दिलेली मदत माघारी मागतात होय?" भाऊ म्हणतो, गावात कुणीच भरले नाहीत, तूही भरू नकोस. मी चिडून बोललो, तेव्हापासून आप्पा फोनवर येत नाहीत. पैसे भरावेत का? आप्पांचे आणि भावाचे हप्ते बंद होतील का? नोकरीवर काही येईल का? माझी पहिली नोकरी जुलै २०१८ ची, पगार २२ हजार. मे २०१९ मध्ये कंपनी बदलली, तेव्हापासून कर कापला जातो. रिफंड कधी मिळालेला नाही.
— नाव छापू नये, पुणे

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. तिच्याकडे येतो. आधी नोकरीची भीती काढून टाका. ही नोटीस खातेदाराला आहे, तुमच्या कंपनीशी तिचा काही संबंध नाही.

आप्पांचे आणि भावाचे हप्तेही तुमच्यामुळे बंद होत नाहीत. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. कमावता मुलगा बापाच्या कुटुंबात धरत नाहीत. त्यामुळे पोराचा पुण्यात टॅक्स कापला जातो म्हणून बाप अपात्र, हे जे पारावर बोललं जातं ते चूक आहे. सामाईक सातबाऱ्यावरचा प्रत्येक खातेदार आपापल्या कुटुंबापुरता वेगळा मोजला जातो. आप्पा पात्र आहेत. भाऊ शेतीच करतो असं धरतो, म्हणजे तोही पात्र, कारण १ फेब्रुवारी २०१९ ही जमिनीची जी तारीख ठरली आहे त्याच्या आधीपासून त्याचं नाव लागलेलं आहे. उद्या त्याचं लग्न झालं आणि येणारी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असली, तर मात्र त्याचे हप्ते गेले. नवरा-बायकोपैकी एक जण सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कायम नोकरीत असेल तर अख्खं कुटुंब बाद. शिपाई, म्हणजे चतुर्थ श्रेणी, तेवढी या अटीतून वगळलेली आहे.

आता आप्पांचा प्रश्न. तो बरोबरच आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर द्यावं लागेल.

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. २६ तारखेला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज सांगितलं. त्यात रेशन होतं, जनधन खात्यावर बायकांना तीन महिने ५०० रुपये होते, उज्ज्वलाचे सिलिंडर होते, आणि शेतकऱ्यांसाठी होते २,००० रुपये, ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. टीव्हीवर ते मदत म्हणून आलं. प्रत्यक्षात तो पीएम किसानचा एप्रिल ते जुलैचा हप्ता होता. टाळेबंदी नसती तरी तो मिळालाच असता, जुलैपर्यंत कधीतरी. तो लवकर दिला, एवढंच. जास्तीचा एक रुपया त्यात नव्हता. वर्षाचे सहा हजार होते, सहा हजारच राहिले.

तेव्हा मी नायब तहसीलदार होतो, निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. बँकेसमोर चुन्याचे गोल आखायला आमचीच माणसं लावली होती. त्या गोलांत उभ्या राहिलेल्या माणसांना हा हप्ता आणि ही मदत असा फरक कुणी सांगितला नाही, आणि सांगायला आम्हालाही जमलं नसतं. रमजानच्या बाजारासाठी धरलेलं कलिंगड एप्रिलमध्ये वेलीवर तयार होतं, आठवडी बाजार बंद होते, जागेवर माल घ्यायला येणारा व्यापारी फोन उचलत नव्हता. अशा वेळी खात्यावर दोन हजार पडले तर त्याला मदतच म्हणणार माणूस. तुमच्या आप्पांना तीन खात्यांवर मिळून सहा हजार दिसले असतील. त्यांनी ते देवाचं देणं म्हणून घेतले असणार, चोरी म्हणून नक्कीच नाही.

पण कागदावर तो पीएम किसानचा हप्ता आहे, म्हणून त्याला पीएम किसानचेच नियम लागतात. आणि नियम असा की मागील कर निर्धारण वर्षात (म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं, कर ठरतो ते वर्ष) ज्यानं आयकर भरला, तो अपात्र. महामारी होती म्हणून ही अट सैल केलेली नव्हती.

इथे तुमची शेवटची ओळ येते. नियमात 'आयकर भरला' असं आहे, 'रिटर्न भरलं' असं नाही. कर्जासाठी किंवा व्हिसासाठी शून्य कराचं रिटर्न भरणारे पुष्कळ असतात, ते एवढ्या कारणानं अपात्र होत नाहीत. आता तुमची वर्षं मांडू. २०१७-१८ मध्ये तुम्ही शिकत होतात, कर शून्य. २०१८-१९ मध्ये नऊ महिने २२ हजारांनी होतात १ लाख ९८ हजार. तेव्हा अडीच लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे तेही वर्ष शून्य. कर कापला गेला तो मे २०१९ पासून, म्हणजे २०१९-२० या आर्थिक वर्षात.

आणि हप्ते कसे पडले? पहिला डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ चा, दुसरा एप्रिल ते जुलै २०१९, तिसरा ऑगस्ट ते नोव्हेंबर, चौथा डिसेंबर २०१९ ते मार्च २०२०. पाचवा तो टाळेबंदीतला. सहावा ऑगस्ट २०२० चा. पुढचा डिसेंबरात यायचा होता, तोवर तुमचं नाव अडकलं असणार, म्हणून नोटीस १२,००० ची आहे.

पहिल्या चार हप्त्यांच्या वेळी मागे जे कोणतं कर निर्धारण वर्ष होतं, त्यात तुमचा कर शून्य आहे. माझ्या मते ते ८,००० रुपये तुम्ही पात्र असतानाच मिळाले. नोटीस काढताना ही वर्षं कुणी मांडलेली नसतात. आधार क्रमांकावरून आयकर खात्याची यादी जुळवली, नाव सापडलं, सापडलेल्या नावाला मिळालेले एकूण हप्ते गुणिले दोन हजार, झाली नोटीस. तालुक्याला यादी वरून येते आणि कारकून छापील नमुन्यात आकडा भरतो. मी स्वतः अशा गठ्ठ्यांवर सह्या केल्या आहेत, म्हणून सांगतो.

उरले दोन, एप्रिल आणि ऑगस्ट २०२० चे. 'मागील कर निर्धारण वर्ष' म्हणजे २०१९-२० की २०२०-२१ असा कीस तिथेही काढता येईल, आणि एखादा वकील काढूनही देईल. मी काढणार नाही. त्या एप्रिलमध्ये तुम्हाला पगार होता, त्यातून अकरा महिने कर गेलेला होता, आणि योजना ज्याच्यासाठी होती तो माणूस तुम्ही नव्हतात. गंमत बघा, किंवा तिला गंमत म्हणू नका: सहा हप्त्यांपैकी आप्पांना जो एक हप्ता खरोखर वेळेला आल्यासारखा वाटला, नेमका तोच तुमच्या नावावर यायला नको होता.

तर पैसे असे भरा. आधी पासबुक भरून आणा. त्या जुन्या खात्यावर सहाच्या सहा हप्ते आले आहेत का ते बघा. नोटिशीत सहा आणि पासबुकात पाच, असं मी पाहिलेलं आहे. डिसेंबर २०१९ पासून आधार जोडणी सक्तीची झाली, तेव्हा पुष्कळांचे हप्ते मधेच लटकले होते. योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थीची स्थिती बघता येते, प्रत्येक हप्त्याची तारीख तिथे दिसते. तिची छापील प्रत काढा. सोबत २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन वर्षांचे फॉर्म १६ (कंपनीचा करकपातीचा दाखला) आणि फॉर्म २६ एएस (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) घ्या. जुन्या कंपनीनं २०१८-१९ चा फॉर्म १६ दिला नसेल, कारण करच कापला नव्हता. मग पगाराच्या स्लिपा किंवा त्या वर्षाचं बँक स्टेटमेंट चालेल.

एक साधा अर्ज लिहा, एका पानाचा. तहसीलदार साहेबांच्या नावे. विषयात नोटिशीचा क्रमांक आणि दिनांक. मजकुरात एवढंच की मी मे २०१९ पासून आयकर भरतो, त्यानंतरच्या कर निर्धारणामुळे अपात्र ठरलेल्या दोन हप्त्यांचे ४,००० रुपये भरण्यास तयार आहे. आधीच्या चार हप्त्यांच्या काळात माझा आयकर शून्य होता, पुरावे सोबत जोडले आहेत, त्यांची वसुली रद्द व्हावी. आप्पांनी खातं दिलं, मला माहीत नव्हतं, मी पुण्यात होतो, हे काहीही लिहू नका. ते खरं आहे, पण कागदावर आलं की अर्ज आप्पांच्या विरुद्धचा जबाब होऊन बसतो. आवक शाखेत द्या आणि पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही.

टेबलावरचा माणूस म्हणेल, "असं अर्धं भरता येत नाही, यादीत बारा आहेत." त्याचंही खोटं नाही, यादी त्यानं बनवलेली नसते. शिवाय हे काम नक्की कुणाचं, महसूलचं, कृषीचं की ग्रामविकासचं, यावर या तिन्ही खात्यांत जी टोलवाटोलवी चालली ती मी आतून पाहिली आहे. तुम्हाला दोन-तीन खोल्या फिरवतील, तयारी ठेवा आणि डबा बरोबर घ्या. तिथे वाद घालू नका. जिल्हा पातळीवर या योजनेची तक्रार निवारण समिती असते, अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात तिच्या नावे द्या. आणि एवढं करूनही सहा महिने काही हललं नाही, तर 'हक्क राखून भरत आहे' असं लिहून उरलेले आठ हजार भरून मोकळे व्हा. आठ हजारांसाठी तुमची चार रजा आणि पुणे-सोलापूरच्या फेऱ्या जाणार असतील तर हिशेब तुम्हीच करा. मी तुमच्या जागी असतो तर अर्ज नक्की दिला असता, कारण चूक त्यांची आहे हे कागदावर राहायला हवं. पण त्यापुढे लढलो नसतो.

पैसे देताना रोख कुणाच्या हातात देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. कार्यालय सांगेल त्या सरकारी खात्यात किंवा चलनानं भरा. संकेतस्थळावर ऑनलाइन परतावा भरायची सोय आहे, तिथे आधी नोंदणी क्रमांक टाकून तुमच्या नावावर किती रक्कम दाखवतात तेही बघून घ्या. पत्ता स्वतः टाइप करा: पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन. व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान'च्या नावानं फिरणारी एपीके, म्हणजे अॅप बसवणारी, फाइल उघडू नका आणि आप्पांच्या फोनमध्ये ती आली असेल तर पुसून टाका. तिनं कित्येकांची खाती रिकामी केली आहेत.

सातबाराही काढा, डिजिटल सहीचा, १५ रुपयांत मिळतो. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढला आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी नोटिशीत धमकी असते आणि पुढे काही झालेलं नसतं, पण जमीन तिघांची सामाईक आहे, भावानं सोसायटीचं पीककर्ज काढायचं म्हटलं तर तो एक शब्द आडवा येईल. चढलेला असला तर भरणा झाल्याचं पत्र तहसीलमधून घेऊन तलाठ्याकडे द्या, तो फेरफार घालून कमी करेल. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. म्हणा, पण गावात तलाठीच विचारा.) फार्मर आयडी तुम्हीही काढा, तुम्ही खातेदार आहात. आयडी असणं वेगळं आणि हप्ता घेणं वेगळं. तुमचे हप्ते २०२० मध्येच थांबले हे एका अर्थी बरं झालं. नाव तसंच राहिलं असतं तर पुढे २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे हप्तेही त्याच यादीवरून पडत गेले असते, आणि आज आकडा बारा हजारांवर थांबला नसता.

भावाला काय सांगायचं? गावात कुणी भरले नाहीत हे खरं असेल. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की देशात ४२ लाखांहून जास्त अपात्र लोकांकडे जवळपास ३,००० कोटी रुपये गेले. सगळ्यात जास्त लोक आसामात, आठ लाखांवर. महाराष्ट्रात ४ लाख ४५ हजार, आणि रक्कम ३५८ कोटी. भागाकार केला तर माणशी आठ हजार येतात, म्हणजे चार हप्ते. हे काही दरोडेखोर नव्हेत. यात निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, आणि पुण्या-मुंबईतली तुमच्यासारखी पोरं आहेत, ज्यांची नावं आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर लागली. २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर योजना आली, पहिला हप्ता २४ फेब्रुवारीला सुटला, आणि आठ-दहा दिवसांत गावंच्या गावं भरा असे आदेश होते. मी अपात्र नाही असं स्वयंघोषणापत्र फॉर्मसोबत होतं. ते वाचून सही करणारा माणूस मला भेटला नाही, आणि थांबवून वाचायला लावणारा कर्मचारीही नाही. मी स्वतःला त्यातून वगळत नाही. छाननी आधी व्हायला हवी होती, ती पैसे वाटून झाल्यावर झाली.

पण भावाचा मुद्दा यानं सिद्ध होत नाही. इतरांच्या नोटिसा इतरांच्या ट्रंकेत आहेत. तुमच्या सातबाऱ्यावर त्याचं स्वतःचंही नाव आहे आणि बोजा चढला तर तो तुमचं नाव बघून बाजूला होणार नाही, एवढंच त्याला सांगा. त्याला ते लगेच समजेल.

राहिले आप्पा. तुम्ही काय बोललात ते पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे ते लिहिण्यासारखं नसावं. 'तुम्ही मला न विचारता' अशी त्याची सुरुवात झाली असेल, तर तिथेच घोळ झाला. त्यांच्या लेखी खातं घरातलं, जमीन घरातली, पोरगा घरातला. विचारायचं कुणाला? आणि नोटीस त्यांनी लपवली असं तुम्हाला वाटतं, मला वाटत नाही. जुन्या माणसांना सरकारी कागद फाडता येत नाही आणि वाचवतही नाही. कोतवाल सही घेऊन कागद हातात ठेवतो, मग तो ट्रंकेत जातो, खरेदीखताच्या आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या शेजारी. चार-पाच वर्षं त्यांनी ट्रंक उघडली की तो कागद बघितलाच असेल.

म्हणून फोनवर बोलणं होईपर्यंत थांबू नका. एखाद्या शुक्रवारी रात्री निघा. घरी गेल्यावर आधी विचारा की त्या साली कलिंगडाचं नेमकं काय झालं होतं, किती गाड्या निघाल्या असत्या, शेवटी किती फेकलं, किती गुरांना घातलं. तुम्ही तेव्हा पुण्यात खोलीत अडकला होतात, तुम्हाला ते माहीत नाही, आणि तुम्ही कधी विचारलंही नसणार. ते सांगतील. त्या सांगण्यात ते दोन हजार कुठे गेले हे आपोआप येईल. मग सांगा की चार हजार भरायचे आहेत, आठ हजारांची चूक सरकारची निघते आणि तसा अर्ज मी देतोय. 'आठ हजार आपले बरोबर होते' हे वाक्य त्यांच्या कानावर पडू द्या.

तहसीलला त्यांना नेऊ नका, ते येतो म्हणाले तरच न्या. आणि पैसे ते देऊ करतील, शेळी विकून वगैरे. तेव्हा 'राहू द्या, माझ्याकडे आहेत' असं पटकन म्हणू नका. त्यांनी पाचशे दिले तरी घ्या आणि उरलेले तुम्ही घाला. फुकटचे घेतले होते ही टोचणी त्यांच्या मनात असेल, तर ती तुमच्या पगारानं जाणार नाही.

भरणा झाला की पावती, अर्जाची पोच आणि नोटीस एकत्र टाचून त्याच ट्रंकेत ठेवायला आप्पांच्या हातात द्या. त्याआधी पावतीची झेरॉक्स काढा. यंत्रातून येणारी ती गुळगुळीत पावती वर्षभरात पांढरी पडते.